खाच असलेला ठिपका

दि. ९ नोव्हेंबर, रविवार सकाळ

चि. धाकट्या,

आशीर्वाद नेहमीचेच, तुला हवे असोत वा नसोत. माझे अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच बाजूला टाकशील, म्हणून पत्ता तुझ्या भाऊजींकडून लिहून घेतला. आता फोडलेच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

इकडे सगळे ठीक. मी अजून त्याच कारखान्यात गाड्यांच्या सीट कव्हरांचे कापड कापते. मध्यंतरी साहेबांनी कापायचे यंत्र आणले. दोन महिने कौतुक केले आणि परत मलाच बोलावले. गुडघा कुरकुरतो, पण टेबलापाशी उभी राहिले की गप्प बसतो. भाऊजी निवृत्त झाल्यापासून दिवसभर माझ्या चुका काढतात. त्यांना तेवढाच विरंगुळा.

एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. मी घडीचे चाकू जमवते. सगळे नव्हेत, फक्त मिलिटरी छपाईच्या मुठीचे. हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे, वाळवंटी रंगाचे, बर्फातले पांढरे-राखाडी. एकशे त्रेचाळीस झाले. कपाटाचे तीन खण त्यांनी बळकावले आहेत. "घरात एकशे त्रेचाळीस चाकू, आणि टोमॅटो कापायला एक धड नाही," असे तुझे भाऊजी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. ऐकवू देत.

आम्हा चाकूवाल्यांचा इंटरनेटवर एक फोरम आहे. तिथे कामगिरीप्रमाणे बॅज मिळतात, म्हणजे नावापुढे एक छोटे चित्र लागते. शंभर दिवस न चुकता हजेरी लावली की एक, पन्नास चाकूंचे फोटो टाकले की आणखी एक. माझ्याकडे अकरा आहेत. त्यात मानाचा 'पारखी'. कुणीतरी फोटो टाकून विचारते, ही छपाई कुठली, खरी की बनावट. अशी शंभर उत्तरे बरोबर ठरली की पारखी. मला चार वर्षे लागली. माझ्या शब्दाला तिथे वजन आहे. कातरवाली बोलली म्हणजे विषय संपला, असे लोक लिहितात.

कातरवाली म्हणजे मी. आता तुझ्या कपाळावर आठी आली असेल, ती मला इथून दिसते आहे.

गेल्या महिन्यात 'पाना नंबर बारा' नावाच्या नव्या माणसाने एका जुन्या चाकूचा फोटो टाकला. "घरातला आहे. मुठीवरची छपाई कुठल्या कंपनीची, कुणी सांगेल का?" मी चहाच्या सुट्टीत होते. चार मिनिटांत उत्तर ठोकले: ही छपाईच नाही. एवढ्याशा मुठीवर कंपनी तोच ठिपका पुन्हा आणत नाही, आणि इथे तो चार वेळा आहे. चारही वेळा डाव्या कडेला तीच खाच. कुणा हौशी माणसाने स्पंज बुडवून छाप उठवलेत. रंग घासून काढा, खालचे पितळ तरी बरे दिसेल.

लोकांनी वाहवा केली. ते माझे शंभरावे उत्तर होते. पारखी मिळाला तो त्याच्यावर. मी कारखान्यात सगळ्यांना चहा पाजला.

आठ दिवसांनी त्याच नावाने तू दुसरा फोटो टाकलास. मूठ चकचकीत, रंगाचा कण नाही. "सांगितल्याप्रमाणे घासला. खाली दोन रेघा निघाल्या, एक लांब, एक आखूड. ही कंपनीची खूण का?"

धाकट्या, त्या रेघा बाबांना खिळ्याने ओढताना मी पाहिले आहे. मी बारा वर्षांची होते, तू सात. डेपोत बस रंगवून उरलेले तीन डबे ते घरी घेऊन आले होते, हिरवा, तपकिरी आणि काळा. मागच्या पायरीवर बसून त्यांनी जुन्या सीटचा स्पंज माझ्या हातात दिला आणि गोल कापायला सांगितले. माझी कात्री घसरली, कडेला खाच पडली. मी रडवेली झाले. बाबा म्हणाले, "राहू दे गं. खाच असली म्हणजे आपला ठिपका कुठेही ओळखू येईल."

जगभरचे ठिपके ओळखणाऱ्या मला तो ओळखू आला नाही. वर बाबांना हौशी माणूस म्हणाले आणि त्यांचा रंग तुझ्याच हातांनी घासायला लावला. फोरमच्या प्रमुखाला लिहिले, माझा पारखी काढून घ्या. त्याचे उत्तर आले: "स्पंज होता हे बरोबरच आहे. बॅज राहील." तो राहिलाय. नावापुढे दिसला की मला स्वतःचाच राग येतो.

पण एवढ्यासाठी मी पत्र लिहिले नसते. रंगाची माफी फोरमवरही मागता आली असती.

बाबा गेले त्या आठवड्यात मी भरल्या घरात सगळ्यांसमोर म्हणाले की त्यांचा चाकू तू उचललास. चोर म्हणाले. तू लेकीचा हात धरलास आणि निघून गेलास. त्याला नऊ वर्षे झाली. इस्पितळात बाबांनी उशीखालून काढून तो चाकू तुझ्या हातात ठेवला, तेव्हा मी दारात उभी होते. धुतलेले कपडे घेऊन आले होते. मी सगळे पाहिले. मला तो हवा होता. रंगवताना मी होते, स्पंज माझा, खाच माझी, आणि दिला तुला. तुला चोर म्हणताना मला खरे काय ते माहीत होते. एकशे त्रेचाळीस चाकू मी त्यानंतर जमवले, आणि त्यातला एकही मला हवा होता तो नाही.

त्या दिवशी घरात होते त्या सगळ्यांना मी या आठवड्यात फोन केले. दोन्ही काका, आत्या, मावशी. खोटे बोलले होते, असे सांगितले. मावशी म्हणाली, "आम्हाला तेव्हाच वाटलं होतं गं." वाटले होते तर बोलली का नाहीस, असे मात्र मी विचारले नाही. तेवढा अधिकार मला उरलेला नाही.

पुढच्या रविवारी सकाळी मी तुझ्याकडे येते आहे. विचारत नाही, कळवते आहे. दार उघडायचे नसेल तर उघडू नकोस, मी पायरीवर तासभर बसेन आणि परत जाईन. उघडलेस तर तो चाकू एकदा माझ्या हातात दे. ठेवून घेणार नाही. आणि तोवर त्याला नवा रंग लावू नकोस.

तुझा प्रश्न फोरमवर अजून तसाच आहे. कातरवाली काय म्हणते म्हणून सगळे थांबलेत. तिथे मी काही लिहिणार नाही. ती कंपनीची खूण नव्हे. रंग द्यायच्या आधी बाबा म्हणाले होते, "दोघं शेजारी शेजारी. वरून रंग बसला की कुणाला दिसणार नाहीत, पण माझ्या मुठीत राहतील." हे मी इतकी वर्षे एकटीने जपून ठेवले, तुलाही सांगितले नाही. आखूड रेघ तू.

तुझी,
लांब रेघ