कॅप्सूलचं कवच

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे कुणाजवळ बोलले नाही.

तुम्ही मुंबईला सरकारी प्रयोगशाळेत मदतनीस होतात. बैल-रेड्याचं मांस किती मऊ, किती ताजं, हे तिथले शास्त्रज्ञ तपासायचे. तुकडे कापून, वजन करून द्यायचे तुम्ही. गावी तारकर्लीत आपण नुसतं ‘प्रयोगशाळा’ एवढंच सांगायचो. रजेवर आलात की आई तुम्हाला उंबरठ्याबाहेरच अडवायची, आधी बावीवर आंघोळ. “मुंबयचो वास हयसर येता काय गो तुका?” असं तिला चिडवत तुम्ही डोक्यावर कळशी ओतून घ्यायचात. ते बघत मी मोठी झाले. तुम्हालाच त्या मांसाची शिसारी आहे, असं धरून चालले. विचारलं कधीच नाही.

नवरा गेल्यावर मी तारकर्लीला तुमच्याकडे परत आले; तुम्ही तेव्हा निवृत्त होऊन घरीच होतात. आई त्याआधीच गेली होती. मग तुमच्या पोटात कॅन्सर निघाला. मुंबईच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, हे औषध नवीन आहे, अजून तपासतोय, गुण येईलच असं नाही. कॅप्सूल अख्खी गिळायची, फोडायची नाही, आणि कशी घेतली ते रोज कार्डावर लिहायचं. तुम्ही लगेच सही केलीत. येताना एसटीत म्हणालात, “माजा काय व्हायचा ता होवंदे. पण कार्डार खरा ल्हिव. फुडच्या माणसाक उपेगी पडात.” तुमच्या प्रयोगशाळेत एक तुकडा उन्हात राहिला तर मापं खोटी ठरतील म्हणून अख्खा ट्रे फेकून द्यायचे, हेही तेव्हाच सांगितलंत.

मला वाचायची खोड. वाचनालयातल्या एका मासिकात होतं, कॅप्सूलचं कवच गुराढोरांच्या कातड्या-हाडांपासून करतात. श्रावण चालू होता. आईने जन्मभर जे उंबरठ्याबाहेर ठेवलं, ते मी तुमच्या पोटात कसं घालू? मी कॅप्सूल फोडायला लागले. आतली पूड केळ्यात कालवून द्यायची, कवच माडाच्या आळ्यात पुरायचं, आणि कार्डावर लिहायचं ‘गिळली’.

तुमचं तोंड आतून सोलून निघालं. “तोंडात निखारो घातलंस काय गो?” म्हणून तुम्ही हसायला गेलात, तर ओठातून रक्त आलं. पेजसुद्धा उतरेना. डॉक्टरांनी कार्ड बघितलं, मला बाजूला घेऊन विचारलं, फोडून तर देत नव्हतात ना? मी नाही म्हटलं. मग यांना सोसत नाही असं लिहून त्यांनी औषध बंद केलं. नवरात्राच्या आधी तुम्ही गेलात.

त्या औषधाने तुम्ही वाचला असतात, असं मी मानत नाही. पण मरताना तुम्हाला एकच गोष्ट देता येणार होती, ती मी खोटी करून ठेवली. ते कार्ड कुठल्यातरी फायलीत गेलं असेल. ते वाचून कुणी काय ठरवलं, मला ठाऊक नाही.

खरं म्हणजे हे पत्र त्या डॉक्टरांना लिहायला हवं होतं. त्यांचा पत्ता माझ्याकडे आहे. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही काही विचारणार नाही.