सात नंबरचा कोंबडा

चिंचवड, मार्च १९७५. बुधवार, रात्र.

सात नंबरचा कोंबडा आज नाचला. खच्ची केलेला, म्हणून वर्षभर गप्प होता. आमच्या औषध-कंपनीच्या नव्या हार्मोनची इंजेक्शनं चाचणीसाठी मीच टोचली, तुरा लाल झाला. आज पिंजऱ्यात कोंबडी सोडली, तर तिच्याकडे पाठ, आणि कोंबडे कोंबडीपुढे नाचतात तसा एक पंख पाडून माझ्या हाताभोवती गिरक्या! पिल्लू असल्यापासून एकटा वाढवलेला. दाणे टाकणाऱ्या हाताशिवाय त्याने पाहिलंय काय? साहेब हसले. "अहो, इंजेक्शनाने जोर येतो. कुणापुढे नाचायचं ते कळत नाही. चाचणी झाली, उद्या मारून टाका."

शिफ्ट सुटल्यावर काकांबरोबर कुरुळीला मुलगी बघायला गेलो. मी लहानपणापासून मुलांच्या बोर्डिंगात, नंतर कंपनीत. मुलगी पोहे देऊन समोर बसली आणि मी तासभर तिच्या भावाशी ओव्हरटाइमवर बोलत राहिलो. तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. का? निघताना ती आईला विचारत होती, "ह्ये दादालाच बघाया आलते व्हय गं?"

काका वाटभर हसले. मला तो पाडलेला पंखच दिसत होता.

सकाळी सात नंबरला मारायचंय. मी हात पुढे केला की तो पुन्हा पंख पाडणार.