गाडीच्या जाळीतली रुई

मंगळवार, मे २००६

सुटलो बाबा एकदाचा! आज धामणकर नाक्यावर तासभर अडकलो, तरी गाडीच्या तापमानाचा काटा लालकडे गेला नाही. उद्या लेकीला आणि तिच्या बाळाला ठाण्याच्या हॉस्पिटलातून घरी आणायचंय. वाटेत काल्हेरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तापली असती तर?

मागे मेकॅनिकने पाणी बदललं, पंखा बघितला. पण गाडी जरा उभी राहिली की काटा परत लालवर. शेवटी आज सकाळी बायकोनेच पुढच्या जाळीत टॉर्च मारला.

"अहो, ही तर आपल्या लूमची रुई हाय! सगळं बुजलंय."

उन्हात तापू नये म्हणून गाडी मी रोज लूमच्या शेडमध्ये लावतो, जिथे आमचे यंत्रमाग चालतात आणि दिवसभर रुई उडते. केवढी माझी काळजी! रेडिएटरवर पाइप धरला तर रुईच्या ओल्या गुठळ्या पडत राहिल्या. मेकॅनिकला उगाच शिव्या घातल्या मी.

आता गाडी अंगणात, उन्हात. काटा जागेवर. निवांत झोपावं, तर मघापासून एकच डोक्यात. बाळाचा पाळणा मी कुठे बांधलाय? शेडला लागून असलेल्या खोलीत. तिथे गारवा असतो म्हणून.

उठतो. आत्ताच सोडतो.