लोहचुंबक, वन्सं आणि खाऱ्या पाण्याचा हौद

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आता बरे असतील, निदान ते तरी डॉक्टरांचं ऐकत असतील, अशी आशा आहे. (तू ऐकत नाहीस, हे डॉक्टरांनीच मला सांगितलं.) इकडे सगळे खुशाल. आमच्याकडे राहायला ये म्हणून मी पुन्हा लिहिलं होतं आणि तू पुन्हा कळवलंस, की काही काम नसताना दुसऱ्याच्या घरात बसून खाणं तुला जमायचं नाही. त्या विषयावर मी आज चकार शब्द काढणार नाही. आज फक्त हौदाबद्दल.

वन्सं आणि मी मिळून स्टेनलेस स्टीलची टेबलं आणि सिंक बनवतो, हे तुला ठाऊक आहेच. मासे खारवण्याच्या कारखान्याच्या मालकीणबाईंनी आम्हाला मिठाच्या पाण्याचे हौद करायला सांगितले. आधी नमुन्याचा एक. तो पसंत पडला तर बाकीचे सगळे आमचे. नाही पडला तर वर्कशॉपला कुलूप लावून आम्ही दोघी घरी एकमेकींची तोंडं बघत बसणार. (आमचं तेव्हा काय होईल याची कल्पना तुझ्या भाच्याच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला आहे. तो आतापासूनच घाबरून आहे. आणि हो, मी भाची, भाचा नव्हे. बघ, किती गडबडले आहे मी.)

पत्रा आणायला वन्सं स्वतः आल्या, पर्समध्ये फ्रिजच्या दारावरचं टोमॅटोच्या आकाराचं लोहचुंबक घेऊन. त्यांचा सिद्धान्त असा, की चुंबक चिकटलं तर स्टील खोटं, नाही चिकटलं तर अस्सल. व्यापाऱ्याने तीनशे चार नंबरचा चांगला पत्रा दाखवला. सपाट भागावर टोमॅटो घसरला. वन्संनी तो दुमडलेल्या काठाला लावला आणि तिथे त्याने हलकेच धरलं. व्यापारी बिचारा म्हणाला, "ताई, हे स्टील वाकवलं की थोडं धरतंच." वन्सं कडाडल्या, "वाकल्यावर जात बदलते होय? संसारात आम्हीही वाकलो, आमची नाही बदलली!" त्याने हात जोडले आणि दोनशेच्या मालिकेतला स्वस्त पत्रा काढून दिला. त्यात निकेल कमी करून मँगनीज भरलेलं असतं. त्याच्यावरून टोमॅटो असा घसरला, की वन्संनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

हौद मात्र देखणा झाला. आम्ही तो मिठाच्या पाण्याने भरून ठेवला आणि थोड्याच दिवसांत त्याच्या अंगावर तपकिरी ठिपके उठले, गोवर आल्यासारखे. वन्संनी पदर खोचला आणि लोखंडी तारेच्या घासणीने बाळाला न्हाऊ घालावं तसा तो घासला. मग तर गोवर सर्वांगावर पसरला, कारण घासणीचे कण पत्र्यात रुतले आणि तेही गंजले! तेव्हा कुठे मला तुझं बोलणं आठवलं: स्टीलवर क्रोमियमची अगदी पातळ साय असते, ओरखडा पडला तर ती हवेने पुन्हा धरते, पण मीठ तिला कुरतडत राहतं, म्हणून मिठाशी गाठ असेल तर मॉलिब्डेनम असलेलं तीनशे सोळा घ्यावं. हे तू मला जेवायला वाढता वाढता सांगितलं होतंस. माझं लक्ष ताटात होतं.

त्याच दिवशी मालकीणबाई न कळवता हजर. वन्संनी हौदावर चादर टाकली आणि स्वतः काठावर बसल्या. बाईंनी त्यांना उठवलं, चादर उचलली आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. "नमुनाच आहे हो," वन्सं पुटपुटल्या. "दिसतंय," बाई म्हणाल्या. मग मी टोमॅटोपासून घासणीपर्यंत सगळं सांगून टाकलं. हसता हसता बाईंना खोकला लागला. म्हणाल्या, आजवर प्रत्येकाने गंजाचं खापर माझ्या पाण्यावर फोडलं, स्वतःची चूक कबूल करणाऱ्या तुम्हीच पहिल्या. तीनशे सोळाचा दुसरा नमुना करा. मात्र या वेळी पत्रा जाणत्या माणसाने तपासलेला हवा.

तर आत्या, कुलूप तूर्त टळलं आहे. नवा पत्रा आला, की कामाला लागू. तब्येतीला जप.

तुझी,
भाची

ता. क. मी बाईंना सांगून बसले आहे, की आमच्याकडे तपासनीस आहेत, उभा जन्म धातूंच्या प्रयोगशाळेत काढलेल्या. नाव तुझं सांगितलं. आता तू आली नाहीस तर मी खोटी पडेन. खिडकीजवळ तुझं टेबल मांडलं आहे.

आणखी ता. क. वन्संनी पत्र वाचलं आणि म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसाला फसवू नकोस, खरं लिही. तर खरं हे, की पत्र्याचा तुकडा प्रयोगशाळेत धाडला की अहवाल घरपोच येतो. नव्या पत्र्याचा तुकडा व्यापाऱ्याकडून आणून आम्ही कालच धाडला. तुझ्यावाचून अडलेलं असं काम काहीच नाही. तरीही ये. मला तू इथे हवी आहेस. वन्संनाही हवी आहेस. त्या म्हणतात, लोहचुंबकाच्या बाबतीत त्यांचं अजून पूर्ण समाधान झालेलं नाही आणि वाद घालायला मी त्यांना पुरत नाही.