गच्चीवरची भाजी

५ जानेवारी, सकाळ
आजपासून बाजाराची भाजी बंद. रिटायर माणसाने मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करणं शोभत नाही. गच्चीवर टेरेस गार्डन करणार. मेथी, वांगी, टमाटे आणि एक पपई. बायकोला म्हणालो, सिंधु, उन्हाळ्यात आपण गल्लीला भाजी विकू. तिने विचारलं, लातुरात? पाणी कुठून आणणार? तिला आधी अडचणच सुचते.

९ जानेवारी
प्लास्टिकचे ड्रम, कोकोपीट, गांडूळखत, हिरवी जाळी, ऑटोचं भाडं. याला खर्च म्हणत नाहीत. इन्व्हेस्टमेंट.

२२ जानेवारी
मेथी उगवली. फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. औशाहून धाकटा भाऊ हरिओम विचारतो, दादा, गवत लई माजलंय का? सिंधुने गुपचूप कोबी आणला. मी जेवलो नाही, तत्त्व म्हणजे तत्त्व. नंतर थोडा खाल्ला, वाया जाऊ नये म्हणून.

११ फेब्रुवारी
मेथी काढली. शिजून वाटीभरही भरली नाही. पण ऑरगॅनिक! बाकी आठवडा भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. सिंधु काही बोलत नाही, म्हणजे तिला पटलं.

२ मार्च
नळ आता आठ-आठ दिवस येत नाही. मोटार लावून पाणी चढवलं तर बिल वाढतं. म्हणून सिंधु हौदातून बादल्या वर आणते. माझा मणका नाजूक. मी गच्चीवर बसून कुठल्या ड्रमला किती, ते सांगतो. गुडघा दुखतो म्हणते. चालता राहिला की मोकळा होईल.

१८ मार्च
डॉक्टर म्हणाले, जिना बंद करा, गुडघ्यात इंजेक्शन घ्या. इंजेक्शनसाठी ठेवलेल्या पैशातून झाडांना ठिबकचं ड्रिप बसवलं. म्हणजे तिच्या बादल्याच वाचल्या. बायकोचा इतका विचार कोण करतो?

२५ मार्च
ड्रिपला प्रेशर मिळत नाही. तात्पुरत्या बादल्या सुरू.

७ एप्रिल
पपई फुलांनी लगडली! नर्सरीवाल्याला फोटो दाखवला. म्हणाला, काका, हे नराचं झाड हाय, याला फळ धरत न्हाई. नुसता तोरा. घरी येऊन सांगितलं तर सिंधु पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. एवढं हसण्यासारखं काय होतं?

१६ एप्रिल
सिंधु जिन्यात पडली. बादलीसकट. सगळं पाणी गेलं. मी धावत गेलो आणि आधी बादली उचलली, कारण ती वाटेत आडवी होती. सिंधुने नुसतं बघितलं. संध्याकाळी मुलगी रूपाली नांदेडहून गाडी घेऊन आली. म्हणाली, आईला चार दिवस नेते. म्हणालो, ने, पण चारच. इथे कामं आहेत.

२९ एप्रिल
चार दिवस लांबले. ऊन लई कडक. सिंधुला फोन करून विचारलं, टमाट्याला पाणी किती घालायचं? म्हणाली, मला काय माहीत, तुम्हीच सांगत होता की. फोनवर तिला नीट ऐकू येत नसावं.

५ मे
हॉटेलातून डबा लावला. बटाटा रोज. मणका दुखतोय. दोन बादल्या नेल्या, तिसरी अर्ध्या जिन्यात ठेवून आलो. ती तिथेच आहे.

१२ मे, नांदेड–लातूर बसमध्ये
सिंधुला आणायला गेलो होतो. सोबत घरची वांगी नेली. लहान, पण आपली. रूपालीने चिरली तर सगळ्यांत अळ्या. तिने पिशवीसकट बाहेर टाकली, मला न विचारता. सिंधुच्या गुडघ्याचं इंजेक्शन रूपालीने करून घेतलंय. मला कळवलं नाही.

सिंधुला म्हणालो, चल, झाडं वाळून राहिलीत. म्हणाली, वाळू द्या. कधी येणार, विचारलं. म्हणाली, जेवून जा.

वाढलं मात्र नीट. गवारीची भाजी, वरण, गरम भाकरी. पाहुण्याला करतात तसा आग्रहही केला. निघताना दारापर्यंत आली. सरळ चालत, भिंतीला हात न लावता. म्हणालो, गुडघा बरा झाला की.

हाव, झाला बरा, म्हणाली. आणि दार लावून घेतलं.