जवसाच्या तेलाचे फडके

दिनांक ११ मार्च १९६८. सकाळच्या बसने डोणगावला गेलो, दुपारी परत आलो. ऊन होते. आता चावडीत बसून लिहीत आहे.

मी मोतीराम किसनजी लहाने, वय ५८, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, राहणार जांभूळखेड, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही. पत्नी वारली, मूलबाळ नाही. माझ्यामागे असे करावे.

१. घर व नाल्याकाठचे चार एकर माझे थोरले बंधू कै. पुंजाजी यांच्या पत्नी शालूबाई यांना द्यावे. चुलतभाऊ भगवानराव यांना काही नाही. त्यांनी बांध दोन हात सरकवला आहे, तेवढा पुरे.

२. हत्यारांची पेटी मेहकरच्या गुलाबराव शिंप्याला. माझ्या कामाला तो नावे ठेवी, पण मागून नेलेले हत्यार पुसून परत करी.

३. पीकराखणीच्या परवान्यावरची रायफल ठाण्यात जमा करावी. घरात कोणी ठेवू नये. कारण लिहितो.

रायफल पुंजाजींची. गोळी आत ढकलायचा तिचा बोल्ट खरखरत असे. मी पॉलिशची बारीक भुकटी तेलात कालवून त्याच्या कडांना लावली आणि तीनशे वेळा मागेपुढे केला. गोळीचा दाब घेणारा भाग घासला नाही, तो घासू नये. मग रॉकेलने धुतला. पुंजाजी म्हणाले, "मोत्या, एका बोटानं चालून राह्यला बे!"

शेवटी लाकडी दस्त्याला जवसाचे तेल चोळले आणि त्याच फडक्याने बोल्ट पुसला. हे तेल वाळून घट्ट होते. लाकडाला ते चांगले, बोल्टाला नाही. आठ दिवसांनी ज्वारीत रानडुक्कर उठले. पहिली गोळी लागली. दुसरीसाठी बोल्ट हलला नाही. जखमी डुकराने पुंजाजींना फाडले.

तेराव्याला मी याच चावडीत म्हणालो की, वहिनीने बोल्टाला घरातले तेल लावले. त्या माहेरी डोणगावला गेल्या. त्याला आठ वर्षे झाली. गेल्या महिन्यात दस्त्याला तेल देऊन त्याच फडक्याने बोल्ट पुसला. तो तसाच चिकटला, तेव्हा समजले.

आज वहिनींना सांगितले. त्या तूर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मले ठाऊक होतं. जवसाचा वास काय मले येत नाही?"

"मंग बोलल्या काऊन नाही?"

"भाऊ तुमचाच गेला होता. अजून काय घालू तुमच्या डोक्यात?"

घर तुमच्या नावे करतो, माझ्यामागे कागद वाचतील, असे मी म्हणालो.

"मेल्यावर काऊन, भाऊजी? तोंडानं बोलले होते, तोंडानंच सांगा. घराचं मंग पाहू."

म्हणून हा कागद आज मीच सर्वांसमोर वाचीन आणि मग सही करीन.

सही : मोतीराम किसनजी लहाने
साक्षीदार : शंकरराव, पोलीस पाटील (सही)
साक्षीदार : शेषराव, शिक्षक (सही)
स्थळ : जांभूळखेड

वाचून झाले. उद्या डोणगावला निरोप घेऊन जातो, असे पाटील म्हणाले. किल्ली माझ्याकडे देऊन सगळे गेले. आता बसायला अंथरलेले तरट गुंडाळून कोपऱ्यात ठेवतो आणि चावडीला कुलूप लावतो.