निरोपाचा फळा

९ मार्च

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. गुडघे सोडले तर बाकीची मी ठणठणीत आहे. पत्र फाडण्याआधी एवढं वाच: मी जिंकले.

आपलं मुख्य स्टेशन सव्वाशे वर्षांचं झालं म्हणून तिथे प्रदर्शन भरलं होतं. इंजिनांचे फोटो, साहेबांचे फोटो, फीत कापायची कात्रीसुद्धा काचेत. आधी स्टेशन आलं, मग त्याच्याभोवती बाजार, कोर्ट, शाळा असं शहर जमत गेलं, हेही लिहिलं होतं. पण ज्या फळ्यावर खडूने निरोप लिहून निम्म्या शहराने एकमेकांना गाठलं, त्याचा पत्ता नाही. चौकशीच्या खिडकीत बत्तीस वर्षं बसून तो मी सांभाळला. सापडला गोदामात. त्यावर रंगाचे डबे ठेवले होते.

तडक नव्या स्टेशनमास्तरकडे गेले.

"आजी, आता सगळ्यांकडे फोन आहेत."

"घड्याळंही आहेत. मग दालनातलं ते मोठं घड्याळ उतरवा."

"ते शोभेला आहे."

"तुम्हीही आहात. तुम्हाला ठेवलंच आहे ना?"

मग सह्या जमवल्या. जुने हमाल आले, निवृत्त गार्ड आले. एक बाई म्हणाली, "माझं लग्नच त्या फळ्यावर जमलं." चार हजार सह्या झाल्या आणि स्टेशनमास्तरने गोदामाची किल्ली काढून दिली.

काल फळा घड्याळाखाली पुन्हा चढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जुना नियम मी रंगवून घेतला: निरोप एक दिवस राहील, तोवर कोणीही पुसू नये. स्टेशनमास्तर म्हणाला, "आजी, खडूच्या दोन ओळींसाठी एवढं कडक?" मी गप्प बसले. मी गप्प बसले, ही बातमी आहे.

तू घर सोडलंस त्या दिवशी फळ्यावर लिहिलं होतंस, "बाबा, साडेपाचच्या गाडीपर्यंत थांबते. या." बाबा आलेच नाहीत, असं तू आजवर समजतेस. ते आले होते. पाच वाजता. फळा कोरा होता. खिडकीशी येऊन त्यांनी मला विचारलं, "धाकटीचा काही निरोप?" मी म्हटलं, "नाही." निरोप नसला की परत फिरायचं, ही तेव्हाची रीत. तू आत फलाटावर होतीस, आणि ते बाहेरूनच फिरले.

पुसला मी होता. तू जात होतीस म्हणून नव्हे. तू त्यांना लिहिलंस, मला नाही, म्हणून.

इतकी वर्षं दुसऱ्यांना फटकारण्यात गेली. स्वतःची पाळी आली की शब्द सापडत नाहीत, बघ.

काल पहिला निरोप लिहायचा मान मला दिला. अक्षर अजून कॉन्व्हेंटचंच आहे. लिहिलं, "भिंगरी, बाबा आले होते." आज पुसला गेला, तसा पुन्हा लिहिला. उद्याही लिहीन.

रोज साडेपाचच्या गाडीपर्यंत थांबते. ये.

तुझा निरोप राखू न शकलेली,
ताई